ग्रुप फोटोची उजवी कड

मी फोटोच्या धंद्यात पडले ती हौसेने नाही. हैदराबादेत, नल्लकुंट्यात आमच्या घराला रस्त्याच्या अंगाला एक खोली होती. तिचा भाडेकरू सोडून गेला आणि त्याच सुमारास आमच्या गल्लीतली पोरं एकामागून एक अमेरिकेला जायला लागली. व्हिसाच्या अर्जाला फोटो लागायचा तो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, दोन्ही कान दिसणारा आणि ठरलेल्या मापाचा. माप चुकलं की अर्ज परत. मला मापाची कामं जमतात. पांढरी चादर ताणून बांधली, दोन दिवे आणले, एक कॅमेरा घेतला आणि पाटी लावली.

आधीच्या काळात चांगला कॅमेरा म्हणजे कुणाचा तरी दीर दुबईहून कपड्यांत गुंडाळून आणणार आणि आपण त्याच्या मर्जीने वापरणार. नव्वदीनंतर बाजार खुला झाला आणि तोच माल आबिड्सच्या दुकानात काचेआड मांडलेला दिसायला लागला, वर पक्कं बिल. माझ्यासारखीला ते सोयीचं होतं. कुणाच्या दिराच्या पाया पडायला नको. व्हिसाच्या फोटोंवरून मी बारशांवर गेले, बारशांवरून लग्नांवर. रोल गेले, डिजिटल आलं, तेही शिकले. शहरातल्या मराठी घरांत बाई फोटोवाली म्हणून माझी चांगली ओळख झाली. नवरीच्या खोलीत मला मुक्तद्वार असायचं, पुरुष फोटोग्राफरला बाहेर थांबावं लागायचं. त्या एका गोष्टीवर मी बरीच कामं मिळवली, हेही सांगून टाकते.

माझा पहिला डिजिटल कॅमेरा लहान सेन्सरचा होता. सेन्सर म्हणजे रोलच्या जागी आत बसवलेली चिप, तिच्यावर फोटो उमटतो. लहान चिपचे कॅमेरे स्वस्त, म्हणून आम्ही सगळे तेच वापरत होतो, आणि त्यांच्यासाठी कंपन्यांनी लेन्सही वेगळ्या काढल्या होत्या, हलक्या आणि परवडणाऱ्या. मी तीन जमवल्या. त्यातली रुंद दृश्य घेणारी झूम लेन्स माझी लाडकी होती. मंडपात मागे सरकायला जागा नसते तिथे ती अब्रू राखायची.

मग आयटीवाल्या मुलांची लग्नं सुरू झाली. मुलगा अमेरिकेत, सून तिकडेच जाणार, आणि इथे मागे राहणाऱ्या आईबापांना दिवाणखान्याच्या भिंतीवर दाराएवढा ग्रुप फोटो हवा. लहान चिपचा फोटो तेवढा ताणला की चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखा दिसायचा. दुसरे फोटोग्राफर फुल फ्रेम घ्यायला लागले होते, म्हणजे जुन्या रोलएवढी मोठी चिप असलेला कॅमेरा. दोन गिऱ्हाइकांनी मला विचारलं, तुमच्याकडे फुल फ्रेम आहे का? त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण शब्द कळला होता. तिसऱ्याने विचारायच्या आत मी आबिड्सला गेले.

तिथल्या दुकानातला म्हातारा विक्रेता मला रोलच्या दिवसांपासून ओळखत होता. त्याने बॉडी काढून दिली आणि माझ्या जुन्या लेन्सचं विचारलं. मी सांगितलं की सध्या त्याच वापरणार, नवीन पुढच्या हंगामात बघू. तेव्हा तो म्हणाला, “मैडम, पुराना लेन्स लगता तो है इसपे, मगर भरता नई. कोने देख लेओ.”

मी म्हटलं, “मालूम है चाचा. पंद्रा साल से येइच कर रई मैं.”

मला माहीत नव्हतं. मी अर्धवट वाचलं होतं. पण दुकानात आणखी दोन फोटोग्राफर उभे होते, दोघं पुरुष, आणि त्यांच्यासमोर मला हे विचारायचं नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक लेन्स आत उजेडाचं एक वर्तुळ पाडते. लहान चिपसाठी केलेल्या लेन्सचं वर्तुळ लहान. मोठ्या पातेल्यावर लहान झाकण ठेवलं तर कडा उघड्या राहतात, तसे मोठ्या चिपचे कोपरे अंधारात राहतात.

घरी येऊन मी जुनी झूम लावली. खटकन बसली. फोकस झाला, फ्लॅश उडाला. कोपरे काळे आले नाहीत, म्हणून मला म्हाताऱ्याचं हसू आलं. मग कॉम्प्युटरवर बघितलं तर फोटो माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षाही लहान होता. कॅमेऱ्याने जुनी लेन्स ओळखली होती आणि स्वतःहून चिपचा फक्त मधला भाग वापरला होता. म्हणजे एवढे पैसे मोजून मी मागे आले होते. मला राग आला. सेटिंगमध्ये शोधून मी ती आपोआप कापायची सोय बंद केली. आता कोपरे दिसले. चारही काळे, विहिरीतून वर बघावं तसे.

मी हार मानणारी नव्हते. झूम थोडी आत घेतली की वर्तुळ मोठं होतं आणि कोपरे उजळतात, हे भिंतीवर फोटो काढकाढून शोधलं. जिथे काळं जातं त्या आकड्याशी लेन्सच्या कड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. याच्या अलीकडे यायचं नाही, एवढा नियम. स्वतःवर खूश झाले. नवऱ्याला दाखवलं. ते अकाउंट्समधले, म्हणाले, “पट्टी ठीक आहे, पण गर्दीत बघणार कोण?” मी म्हटलं, मी बघणार.

दीड महिन्याने जे लग्न आलं ते आमच्या ओळखीतल्या घरातलं. नांदेडकडचे शेतकरी लोक, दोन पिढ्या हैदराबादेत, बियाण्यांचं दुकान. मुलगा टेक्सासला. घरात मुलाचे आईवडील आणि मुलाची आत्या. आत्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी विधवा होऊन भावाकडे परत आलेली, तिला मूलबाळ नाही. वहिनी, म्हणजे मुलाची आई, दुकानात नवऱ्याच्या बरोबरीने बसायच्या, म्हणून मुलाला खरं वाढवलं आत्याने. त्याचे डबे, त्याची शाळा, त्याचा टायफॉइड, सगळं तिच्याकडे. हे मला मुलानेच सांगितलं, फोटोंची यादी करताना. यादीत त्याने लिहून दिलं होतं: ‘आत्यासोबत एक, नक्की.’

लग्नाच्या दिवशी तो एक फोटो जमला नाही. आत्याबाई स्टेजकडे फिरकल्याच नाहीत. फंक्शन हॉलच्या मागच्या बाजूला कोठीची खोली होती. नारळ, साड्या, सुपाऱ्या, पाहुण्यांना द्यायची पाकिटं, सगळं तिथे, आणि त्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला. आमच्याकडे अशा बाईला कोठीवर बसवतात. तिच्यावर विश्वास असतो म्हणून, असं म्हणतात. तिने हळदीच्या वेळी समोर येऊ नये म्हणूनही, ते म्हणत नाहीत.

अक्षता झाल्या, आणि मोठ्या ग्रुप फोटोची वेळ आली. भिंतीवर लागणार तो हाच. माणसं मोजलेल्यापेक्षा बरीच जास्त निघाली. मी ओरडून ओरडून ओळी लावत होते, जावयांना खुर्च्यांवर, काकवांना मागे, पोरांना खाली. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “काकू, आत्या राहिली.”

मी कोठीकडे गेले. आत्याबाई पाकिटांवर हात ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, “मला कशाला ओढू लागल्या, ताई. शुभकार्याचा फोटो हाय.”

दारात चार-पाच बायका उभ्या होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, “माझ्या कॅमेऱ्याला शुभ-अशुभ कळत नाही. त्यात सगळे सारखेच येतात. चला.”

आणि हात धरून त्यांना घेऊन आले. त्यांनी पदर सारखा केला, किल्ली ओच्यात खोचली आणि मागच्या ओळीत उजव्या टोकाला, मरून पडद्याला लागून उभ्या राहिल्या. मी म्हटलं आणखी आत या. त्या म्हणाल्या, इथंच बरी. मुलाने वळून त्यांच्याकडे बघितलं आणि हसला. मला फार बरं वाटलं. मी एक सुधारणेचं काम केलं होतं, तेही सगळ्यांदेखत.

आता सगळी माणसं चौकटीत मावेनात. मागे सरकले तर मागे जेवणाच्या रांगेची टेबलं, बगाऱ्या भाताची मोठी भांडी. एक पाऊल मागे गेले तर वाढपी ओरडला. तेव्हा मी झूमचं कडं रुंदीकडे फिरवलं. पट्टी बोटाला लागली. मला ती लागल्याचं कळलं, तरी कडं तिच्या अलीकडे आणलं. गर्दीत बघणार कोण, हा नवऱ्याचा प्रश्नही आठवला आणि त्याचा रागही आला. दोन्ही बाजूंना गडद पडदे, त्यामुळे कडांचा अंधार पडद्याचा की लेन्सचा, हे चष्म्यासकट डोळा लावून कळेना. तीन फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मधले चेहरे मोठे करून तपासले, कुणाचे डोळे मिटलेत का ते. नव्हते मिटले. कडा तपासल्या नाहीत. “झालं,” म्हटलं आणि सगळे जेवायला पळाले.

काळं काय आलंय ते दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर दिसलं. तिन्ही फोटोंत तसंच. डाव्या टोकाला फुलांची कुंडी अंधारात गेली होती, तिचं कुणाला काय. उजव्या टोकाला आत्याबाई. साडीचा काठ, एक हात, चेहऱ्याचा नाकापर्यंतचा भाग आणि पुढे काही नाही. मी उजेड वाढवून बघितला. अंधारातून जांभळट ठिपके वर आले, चेहरा आला नाही.

तेव्हा करायला दोन गोष्टी होत्या. फोन करून सांगायचं की माझी लेन्स चुकली. मुलगा आणखी आठ दिवस इथे होता. सगळे नाही जमले तरी घरचे जमले असते आणि मी फुकट दुसरा काढून दिला असता. किंवा फोटो दोन्ही बाजूंनी कापायचा. कापला तर चौकट नीट होत होती, नवरा-नवरी बरोबर मध्ये येत होते. तीस-पस्तीस माणसांत टोकाची एक बाई.

मी कापला. एरवी अल्बमची मांडणी दुसरीकडून करून घेते, हे पान मी स्वतः केलं, म्हणजे कुणी विचारायला नको. तेवढी अक्कल होती मला. मनाला समजावलं की मुलाचे दोनशे फोटो आहेत. आत्याबाईंचा तेवढा एकच होता, हे मला माहीत होतं. दुसरा असता तर मी कापतानाच त्याची आठवण काढून स्वतःला समजावलं असतं.

अल्बम द्यायला गेले तेव्हा मुलगा टेक्सासला पोचला होता. वहिनींनी अल्बम मांडीवर घेतला. शेजारच्या दोघी बघायला आल्या. आत्याबाई चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून मागे उभ्या राहिल्या. ग्रुप फोटोचं दोन पानी चित्र आलं. वहिनींचं बोट उजव्या कडेपर्यंत गेलं आणि थांबलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, छपाईत थोडं कापलं जातं, असं काहीतरी. कुणी विचारलंच नाही. वहिनींनी पान उलटलं. आत्याबाईंनी रिकामे कप उचलले आणि आत गेल्या.

वहिनी मला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, “ताई, तुम्ही फार समजूतदारपणा केला. त्या दिवशी तुम्ही आक्काला हाताला धरून आणलं तेव्हा मला धसका बसला होता. पोराच्या तोंडावर बोलता येईना. आता भिंतीवर लावायचा फोटो, येणारे-जाणारे बघणार. तुम्ही न सांगता निभावून नेलं.”

त्या क्षणी सांगायला एक वाक्य पुरलं असतं. अहो, माझी चूक झाली, लेन्स बसली नाही. मी म्हटलं, “असू द्या वहिनी.”

‘असू द्या’ म्हणताना मी जरा हसलेही. समजूतदार बाई हसते तसं.

रिक्षात बसल्यावर मी स्वतःला असं सांगितलं की त्यांच्या घरातली रीत, त्यांनी बघावं. मी काय समाज सुधारायला निघालेय? दोन महिन्यांपूर्वी दारातल्या बायकांना ऐकू जाईल असं मीच बोलले होते, ते मात्र त्या वेळी सोयीने बाजूला ठेवलं.

वहिनींचा गोतावळा मोठा. त्या वर्षी मला त्यांच्यामार्फत दोन लग्नं मिळाली. पहिलं आलं तेव्हा मला कामाचा आनंद झाला. त्याच्याच आगाऊ पैशांतून मी फुल फ्रेमची खरी लेन्स घेतली, कोपऱ्यापर्यंत भरणारी. आबिड्सच्या म्हाताऱ्याने ती गुंडाळून देताना काही विचारलं नाही आणि मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या लग्नाच्या वरमाईचा फोन आला. तारीख, हॉल, किती माणसं, सगळं बोलून झालं. मग त्या आवाज खाली करून म्हणाल्या की मुलीची आई विधवा आहे, बिचारी भोळी आहे, ग्रुप फोटोत येऊन उभी राहील, तिला नाही म्हणणं बरं दिसत नाही. “पण तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही आपल्यातल्या, तुम्हाला रीत कळते. त्यांच्याकडे कसं केलंत, तसंच आमच्याकडे करा.”

मी फोन ठेवला. माझी चूक आता माझी खासियत झाली होती. बाई फोटोवाली, नवरीच्या खोलीत जाते, आणि नको त्या बायका सफाईने कापून देते.

ते काम मी सोडलं. तारखेची अडचण सांगितली. खरं कारण तिथेही सांगितलं नाही.

त्या आठवड्यात मी आत्याबाईंना भेटायला गेले. घरी नाही गेले, वहिनी असतील म्हणून. दुपारी त्या जवळच्या महिला मंडळात मुलींना शिवण शिकवायच्या, तिथे गेले. मुली नुकत्याच गेल्या होत्या. त्या एकट्याच बसून ब्लेडने कुणाची तरी चुकलेली शिवण उसवत होत्या. मला बघून त्यांनी शेजारचं स्टूल पुढे ढकललं.

मी सगळं सांगितलं. लेन्स, चिप, वर्तुळ, पट्टी. त्यांनी उसवणं थांबवलं नाही. मधेच विचारलं, “म्हणजे बाहेरची काच लहान आणि आतलं मोठं?”

“हो.”

“आणि दुकानदाराने सांगितलं होतं?”

“हो.”

“माप न घेता कापलं म्हणा की.” त्या थोड्या हसल्या. “आमच्या पोरी करतात तसं. कापल्यावर मग टेप शोधतात.”

मला वाटलं, सुटले. त्या पुढे म्हणाल्या, “मला वाटलं होतं वहिनीनं सांगितलं असंल तुम्हाला. मग म्हटलं, नाही. असं ती करणार नाही. तीस वर्सं एका चुलीवर काढली आम्ही. लेन्सचं असंल नाहीतर काही असंल, मी मनातून काढून टाकलं.”

इथे मी उठायला हवं होतं. माझं सांगून झालं होतं. पण मला त्यांच्याकडून आणखी थोडी सूट हवी होती, सगळा दोष माझ्या एकटीच्या पदरात राहू नये असं वाटत होतं. मी म्हटलं, “वहिनींनी सांगितलं नव्हतं. पण नंतर त्या म्हणाल्या की बरं केलंत म्हणून. मला वाटलं, घरातल्यांनाच चालतंय, तर...”

ब्लेड थांबलं.

“काय म्हणाल्या?”

मग मला सांगावं लागलं. फाटकापाशी बोललेलं सगळं, शब्दाला शब्द. भिंतीवर लावायचा फोटो, येणारे-जाणारे बघणार, बसलेला धसका, सगळं.

आत्याबाईंनी ब्लेड कागदात गुंडाळून डब्यात ठेवलं. उसवलेल्या कापडाची घडी घातली. मग विचारलं, “त्यावर तुम्ही काय म्हणालात?”

“असू द्या म्हटलं.”

“मग मला काय सांगायला आलात? मी तुमचं काय करू?” आवाज चढलेला नव्हता. “जिथं गप्प बसलात तिथं जाऊन बोला.”

त्यांनी खोलीच्या खिडक्या लावल्या आणि मी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बियाण्यांच्या दुकानाला सुट्टी असते त्या वारी, मी वहिनींकडे गेले. कॅमेरा आणि दोन्ही लेन्स बरोबर घेतल्या होत्या, आणि न कापलेल्या फोटोचा एक प्रिंट, पाकिटात. त्यात आत्याबाई होत्या, अर्ध्या अंधारात, पण होत्या. घरात वहिनी एकट्याच होत्या. आत्याबाई दवाखान्यात गेल्या होत्या, गुडघ्याचं दाखवायला. मी चहा नको म्हटलं आणि टेबलावर सामान मांडलं. जुनी लेन्स लावली, त्यांच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, चार काळे कोपरे दाखवले. नवी लावली, तोच फोटो, कोपरे स्वच्छ. नव्या फोटोग्राफरला शिकवावं तसं मी त्यांना समजावलं, कारण दुसरं कसं बोलावं ते मला येत नव्हतं.

वहिनी हुशार बाई. बियाण्यांची पोती वासावरून ओळखतात. दोनच मिनिटांत त्यांना कळलं. म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हतं केलं.”

“नाही.”

“तुमची चूक झाली आणि तुम्ही ती लपवली.”

“हो.”

“आणि मी तुम्हाला तसं बोलले, तेव्हा तुम्ही ऐकून घेतलं.”

“हो, वहिनी.”

त्यांनी भिंतीकडे बघितलं, माझ्या फोटोतल्या नव्हे, घरातल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. मी मुद्दाम केलं असं त्यांना वाटत होतं तोवर आम्ही दोघी त्यात होतो. आता मी लेन्सचं कारण पुढे करून बाजूला झाले होते आणि ते बोलणं एकट्या त्यांचं उरलं होतं. हे मला तिथे बसल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर गेले नसते का, ते सांगता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, “आक्काला सांगितलं का हे?”

“काल सांगितलं.”

“लेन्सचं?”

मी टेबलावरचं सामान सारखं केलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मी काय बोलले, तेही?”

“हो.”

वहिनींनी डोळे मिटले. काल संध्याकाळी आक्का नीट जेवली नव्हती, पोट बरं नाही म्हणाली होती, असं त्या स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या. सकाळी त्यांनी रिक्षा करून देते म्हटलं तर नको म्हणाली आणि चालत गेली, दुखऱ्या गुडघ्याने. त्यांना वाटलं होतं गुडघ्याचाच त्रास.

“ताई,” त्या म्हणाल्या, “तुमचं तुम्ही सांगायचं होतं. माझं सांगायचं नव्हतं. मी चुकले असेन. चुकलेच. पण ते मी तिला कधी सांगायचं, कसं सांगायचं, का जन्मभर नाही सांगायचं, ते माझ्यावर होतं. आम्हाला दोघींना एका घरात राहायचंय. तुम्ही सामान उचलाल आणि जाल.”

त्यांना खरं बोललेलं टोचलं म्हणून त्या असं म्हणतात, असं समजून घ्यायला सोपं गेलं असतं. पण त्या खरं बोलत होत्या. मंडळाच्या खोलीत मी ते वाक्य आत्याबाईंसाठी बोलले नव्हते. माझा दोष हलका व्हावा म्हणून बोलले होते, आणि तो हलका झाला होता, कारण अर्धा मी त्या घरात ठेवून आले होते.

मी पाकीट पुढे केलं. म्हटलं, हा न कापलेला आहे, आत्याबाईंना द्यायला आणलाय. अल्बमचं ते पानही मी बदलून देईन, सगळा अल्बम नव्याने करायला लागला तरी.

वहिनींनी पाकिटातून फोटो काढला. उजव्या टोकाला बघितलं, साडीचा काठ, हात, नाकापर्यंतचा चेहरा. फोटो परत पाकिटात घातला आणि पाकीट दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

“अल्बम राहू द्या,” म्हणाल्या. “हे मी देते तिला. तुम्ही थांबू नका, ती येईल आता.”

मी लेन्सची झाकणं लावली, पिशवी भरली आणि निघाले. कोपऱ्यावर वळताना लांबून आत्याबाई येताना दिसल्या, हातात औषधांची कागदी पिशवी, एक पाय जपून टाकत. मी रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने गेले. त्यांना मी दिसले की नाही, कळलं नाही.

वहिनींनी ते पाकीट त्यांना दिलं की नाही, दिलं तर काय म्हणून दिलं, हे मला आजही माहीत नाही. त्या घरातून मला पुन्हा बोलावणं आलं नाही आणि मीही गेले नाही. शहरात कुठे वहिनी समोर आल्या तर त्या मान हलवतात, मी मान हलवते. विचारावंसं दर वेळी वाटतं. मी विचारत नाही.